सिकलसेलची भाची, अकरा हजार रुपये आणि रात्रीचा ऑटो

पत्र: "माझी बहीण आणि मी उत्तर नागपुरात, इंदोऱ्याला, एकाच गल्लीत राहतो. तिची मुलगी सहा वर्षांची, वजन १६ किलो, सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. यंदा तीनदा भरती झाली. मागच्या वेळी रात्री ताप आला, आम्ही तापाचं औषध देऊन सकाळची वाट पाहिली. पहाटे पोरगी हाकेला डोळे उघडेना, थेट आयसीयूत न्यावं लागलं. डॉक्टर रागावले, पण किती तापाला निघायचं हे कोणी नीट सांगितलं नाही. बहिणीची सासू म्हणते, रक्त लावलं की महिनाभर पोर बरी राहते, मग दर महिन्याला का लावत नाही? हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिली होती, पण औषधाच्या दुकानात कोणीतरी 'ही तर कॅन्सरची गोळी' म्हणालं, तेव्हापासून कधी देतो, कधी नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, ही सारखं पाण्याचं आणि लघवीचं निमित्त करते. आमच्या बचत गटाने अकरा हजार रुपये जमवलेत. त्यातून फळं घ्यावी, प्रोटीन पावडर घ्यावी की आणखी काही? बहिणीला परत दिवस गेले आहेत, नववा आठवडा चालू आहे, तिची धावपळ होत नाही, म्हणून मी लिहिते आहे."

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, पत्र तुम्ही का लिहिताय त्याचं कारण म्हणून सांगून टाकली आहे. तिथूनच सुरुवात करू. (हा भाग छपाईची वाट न पाहता तुम्हाला आधीच कळवला आहे. तुमच्यासारख्या इतर घरांसाठी इथे पुन्हा देतो.)

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार: लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखणं उठतं. मुलगी एसएस आहे म्हणजे तिला एक 'एस', म्हणजे या आजाराचा जीन, आईकडून आणि एक बापाकडून आला. दोघंही एएस, म्हणजे वाहक, असतील तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलीच्या वाट्याला आजार आला म्हणून दुसरं सुटेल असा हिशेब नसतो. दर वेळी फासा नव्याने पडतो. पोटातल्या बाळाला आजार आहे का हे वारेचा छोटा नमुना घेऊन कळतं. ही तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते. ती वेळ हुकली तर १६ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करता येते, पण तोवर दिवस पुढे गेलेले असतात आणि पुढचा प्रत्येक निर्णय जड होत जातो. नमुना घेण्याआधी आई आणि वडील दोघांचे एचपीएलसीचे (रक्तात कोणत्या प्रकारचं हिमोग्लोबिन आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचे) अहवाल लागतात, डीएनए तपासणीसाठी दोघांचं रक्त लागतं, आणि मुलीचे जुने कागदही उपयोगी पडतात. मुलगी एसएस आहे म्हणून 'वडील एएसच असणार' असं धरून चालू नका. क्वचित एका पालकात एसऐवजी थॅलेसेमियाचा वाहक जीन निघतो आणि मग तपासणीची पद्धतच बदलते.

तेव्हा नवरा-बायको दोघांनी मुलीची फाइल घेऊन याच आठवड्यात गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात जावं आणि पहिल्याच वाक्यात सांगावं: "पहिली मुलगी एसएस, आता नववा आठवडा." एवढं ऐकलं की तिथल्या माणसाला घाई समजते. "दाखवायला आलो" म्हटलं तर नेहमीच्या नोंदणीच्या रांगेत महिना जातो. अहवाल आल्यावर काय करायचं हे त्या दोघांनीच ठरवायचं. सासूने नाही, तुम्ही नाही, आणि बचत गटाने तर अजिबात नाही. तपासणी नको असं त्यांनी ठरवलं तरी ते चुकीचं नाही. मग बाळ जन्मल्याबरोबर त्याची चाचणी करून घ्यायची. एसएस निघालं तर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या आतच पेनिसिलीन सुरू होतं. नवजात बाळाला सोल्युबिलिटीची साधी चाचणी मात्र चालत नाही. सहा महिन्यांच्या आत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती चुकीची 'निगेटिव्ह' येते. शिवाय मोठ्या माणसांतही ती एएस आणि एसएसमधला फरक सांगत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस हीच खात्रीची तपासणी.

दुसरी गोष्ट याच बहिणीबद्दल. मुलीला हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल तीच देते ना? गर्भार बाईने त्या औषधाला, विशेषतः फुटलेल्या कॅप्सूलला आणि आतल्या पावडरीला, हात लावू नये. ते काम आजपासून तुमच्याकडे घ्या. हातमोजे घाला, नसतील तर कॅप्सूल थेट बाटलीच्या झाकणात काढून मुलीच्या तोंडात टाका आणि नंतर हात धुवा. गिळत नाही म्हणून कॅप्सूल फोडून वरणात कालवणं घरोघर चालतं, ते बंद करा. गिळताच येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरा उपाय देतील.

आता ताप. आकडा लक्षात ठेवा: काखेत १०१. डिजिटल थर्मामीटर कोरड्या काखेत, टोक त्वचेला चिकटलेलं, हात अंगाशी धरून, शिट्टी वाजेपर्यंत. १०१ किंवा वर दिसलं की घरातून निघायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की दारात पाऊस असो. १०० ते १०१ च्या मध्ये असेल तर अर्ध्या तासाने परत मोजा. पण पोरगी मलूल दिसत असेल, हाका मारल्या तरी नीट बोलत नसेल, ओठ पांढरे पडले असतील किंवा श्वास जोरात चालला असेल, तर आकडा कमी असला तरी निघायचं.

एवढी घाई का, हे सासूबाईंनाही समजावून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी त्या "सकाळी पाहू" म्हणतीलच. रक्तात शिरलेले जंतू गाळून मारण्याचं काम डाव्या बरगडीखालची प्लीहा करते. एसएस मुलांत कोयत्याच्या आकाराच्या पेशी तिथे अडकून अडकून प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. ती हाताला मोठी लागत असली तरी काम करत असेलच असं नाही. मग न्युमोकोकससारखा जो जंतू साध्या मुलाला दोन दिवस ताप देईल, तो या मुलीच्या रक्तात काही तासांत पसरतो. म्हणूनच तुमची रात्र आणि पहाट यांत एवढा फरक पडला. दवाखान्यात कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू वाढतो हे पाहायला, रक्ताचा नमुना घेऊन अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन लवकरात लवकर, शक्यतो तासाभरात, देतात. उशीर बहुतेक वेळा घरी झालेला असतो.

निघताना पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही, पण ताप उतरला म्हणून परत फिरायचं नाही. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बाटलीचा. बाजारात एका सिरपमध्ये ५ मिलीत सुमारे १२० मिग्रॅ औषध असतं, दुसऱ्यात ५ मिलीत २५० मिग्रॅ. १६ किलोच्या मुलीला एका वेळी साधारण २४० मिग्रॅ लागतं, म्हणजे पहिल्याचे १० मिली किंवा दुसऱ्याचे ५ मिलीपेक्षा थोडं कमी. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर डोस अर्धा तरी होतो, नाहीतर दुप्पट. दोन डोसांत निदान सहा तास. तापात आयब्युप्रोफेन देऊ नका. पावसाळ्यात नागपुरात डेंग्यू असतोच, त्यात ते रक्तस्राव वाढवू शकतं. तापाशिवाय नुसती हाडं-सांधे दुखत असतील, उलट्या नसतील, पोरगी पाणी पीत असेल आणि डॉक्टरांनी आधी परवानगी दिली असेल, तर जेवणानंतर ते चालतं. पण दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच 'तापाच्या' सिरपमध्ये दोन्ही एकत्रच असतात. लेबल वाचा किंवा कोणाकडून तरी वाचून घ्या.

इंदोऱ्यातून तुम्हाला मेयो (इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय) जवळ पडतं. आयसीयूची फाइल मेडिकलची (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची) असेल तर नेहमीचा पाठपुरावा तिथेच ठेवा, पण रात्री तापाला जे जवळ ते गाठा. १०८ ला फोन करा, आणि गल्लीतला ऑटो आधी मिळत असेल तर ऑटोने निघा. कॅज्युअल्टीत गेल्यावर गोष्ट सांगत बसू नका. "एसएस सिकलसेल, ताप १०२, दहा वाजल्यापासून, प्लीहा दोन बोटं वाढलीय" इतकं पुरे. यासाठी एक जाड कागद करा आणि लॅमिनेट करून दाराच्या मागे टांगा. त्यावर मुलीचा रक्तगट, बरी असतानाचं हिमोग्लोबिन, बरी असतानाचा ऑक्सिमीटरचा आकडा, प्लीहेचं माप, चालू औषधं आणि डोस, शेवटचं रक्त कधी लावलं, रक्तात अँटिबॉडी सापडल्या होत्या का, कशाची अॅलर्जी आहे का, एवढं लिहा. 'बरी असतानाचं हिमोग्लोबिन' फार महत्त्वाचं. सातवर राहणारी मुलगी सातवर आली तर काही बिघडलं नाही. नऊवर राहणारी सातवर आली तर धोका आहे. रात्रीच्या नव्या डॉक्टरांना हे कागदाशिवाय कळायला मार्ग नसतो.

प्लीहेचं माप म्हणालो, ते घरी घेता येतं. पुढच्या ओपीडीत डॉक्टरांना हात धरून शिकवायला सांगा. मुलीला पाठीवर झोपवायचं, गुडघे वाकवायचे, पोट सैल सोडायला सांगायचं. बोटं डाव्या बाजूला खाली, जांघेजवळ ठेवून हळूहळू वर बरगडीकडे सरकवायची. प्लीहेची कडा बोटाला टेकते. बरगडीजवळून सुरुवात केली तर खूप वाढलेली प्लीहा हाताखालीच राहून जाते, ही नेहमीची चूक. मग आइस्क्रीमच्या काडीचं एक टोक डाव्या स्तनाग्रावर ठेवून प्लीहेची कडा जिथे येते तिथे पेनने खूण करायची. काडी पुरली नाही तर दुसरी जोडा. तीच काडी जपून ठेवायची, आठवड्यातून दोनदा आणि आजारपणात दिवसातून दोनदा ताडून पाहायचं. खुणेच्या खाली कडा गेली, आणि पोरगी एकदम फिकट, सुस्त, पोट फुगल्यासारखी दिसली, तर रक्त प्लीहेत अडकतंय. यात हिमोग्लोबिन काही तासांत दोन ग्रॅमने किंवा त्याहून जास्त उतरतं. तापाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त घाई.

तापाशिवाय आणखी दोन गोष्टींना थांबायचं नाही. छातीत दुखणं, खोकला आणि धाप एकत्र आली, किंवा ऑक्सिमीटर ९५ च्या खाली गेला. आणि अचानक एक हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. पाच मिनिटांत पूर्ववत झालं तरीही जायचंच.

वॉर्डात. सलाईन किती वेगाने चालवायचं हे त्यांच्यावर सोडा. "जास्त लावा, लवकर बरी होईल" असा आग्रह धरू नका. गरजेपेक्षा जास्त पाणी फुप्फुसात साठतं आणि छातीचा गंभीर त्रास तिथूनच सुरू होऊ शकतो. तुमच्या हातातलं एक काम मात्र फार मोलाचं आहे आणि ते कोणी सांगत नाही. दुखतं म्हणून मुलं छाती आखडून उथळ श्वास घेतात, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिथेच छातीची गुंतागुंत होते. त्यावर जागी असेपर्यंत दर दोन तासांनी दहा मोठे श्वास. रुग्णालयात श्वासाचं खेळणं, स्पायरोमीटर, मिळालं तर उत्तम, नाहीतर साबणाचे फुगे उडवायची दहा-वीस रुपयांची नळी घेऊन जा. सहा वर्षांच्या मुलीला "श्वास घे" म्हणण्यापेक्षा "हा फुगा त्या खिडकीपर्यंत पोचव" म्हटलेलं जास्त चालतं. दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. बर्फ अजिबात नको, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. जोरात तेल चोळणंही नको. दुखणं कमी होत नसेल तर परिचारिकेला सांगायला लाजू नका. या दुखण्यात मॉर्फिनही देतात आणि दुखण्याच्या वेळी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाची मुलीला सहसा सवय लागत नाही.

रक्ताचं. सासूबाईंचं म्हणणं अगदी निराधार नाही, म्हणून त्यांना उडवून लावू नका. रक्त लावल्यावर मूल तरतरीत होतं हे खरंच, आणि काही मुलांना दर महिन्याला रक्त लावतातही. पक्षाघात होऊन गेलेला असेल किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी धोक्याची आली असेल तर. ही टीसीडी तपासणी दोन ते सोळा वर्षं वयात वर्षातून एकदा व्हावी. रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंमीच्या वर गेला तर पक्षाघाताचा धोका मोठा समजतात. तुमच्या भाचीची झाली आहे का, हे पुढच्या ओपीडीत पहिल्यांदा विचारा. पण नुसता आकडा सात आहे म्हणून रक्त लावायचं नसतं. एका मोठ्या पिशवीत २०० मिग्रॅच्या वर लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाट नसते. ते यकृतात, हृदयात साचत राहतं. दर पिशवीगणिक परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होण्याची शक्यता वाढते, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा जुळणारं रक्तच मिळत नाही. हिमोग्लोबिन दहाच्या वर नेलं तर रक्त घट्ट होतं, आणि याच आजारात घट्ट रक्त म्हणजे परत दुखणं. सोळा किलोच्या मुलीला एका वेळी साधारण १६० मिली लागतं, तीन-चार तासांत, म्हणजे पिशवी पूर्ण संपलीच पाहिजे असं नाही. उरलं ते "वाया घालवू नका" म्हणून लावून घ्यायचं नसतं. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार असेल तर आई-बाप-भावंडांचं रक्त टाळतात, हेही लक्षात असू द्या.

मग रक्ताऐवजी काय? तीच 'कॅन्सरची गोळी'. हायड्रॉक्सीयुरिया रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही देतात हे खरं, पण इथे तिचं काम वेगळं आहे. लहान बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन परत वाढवायचं, म्हणजे पेशी कोयत्यासारख्या वाकायच्या कमी होतात. दुखणं, छातीचा त्रास, भरती, रक्त, सगळंच कमी होतं. अट एकच, लिहून दिल्याप्रमाणे न चुकता घ्यायची. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. कधी देतो, कधी नाही, यात त्रास औषधाचा होतो आणि फायदा होत नाही. डोस वजनावर, किलोला दिवसाला १० ते २० मिग्रॅ. ५०० मिग्रॅची कॅप्सूल सोळा किलोला रोज जास्त होते, म्हणून डॉक्टर कधी कधी आठवड्यातले ठरावीक चारच दिवस देतात. तुम्हाला तसं लिहून दिलं असेल तर कॅलेंडरवर ते वार गोल करा, मनाने वार बदलू नका. सुरुवातीला दर महिन्याला रक्ताची तपासणी, सीबीसी, नंतर दोन-तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट उतरल्या तर डॉक्टर थोडे दिवस थांबवून परत सुरू करतात. मुलगी सध्या अधूनमधूनच घेते आहे, तेव्हा उद्यापासून आपणच पूर्ण डोस सुरू करू नका. आधी सीबीसी, मग डॉक्टर सांगतील तसं.

दोन गोष्टी बंद करा. लोहाचं टॉनिक, मग ते कोणी कितीही प्रेमाने आणलेलं असो: रक्तात लोह कमी असल्याचं तपासणीत निघालं आणि डॉक्टरांनी लिहिलं तरच. फॉलिक अॅसिड वेगळं, ते चालू राहू द्या. आणि डोळे पिवळे दिसले की काविळीची माळ घालणं, तेल-हळद बंद करून नुसत्या भात-मुरमुऱ्यावर ठेवणं. या मुलांचे डोळे पेशी लवकर फुटतात म्हणून कायमच थोडे पिवळे असतात, त्यात आधीच १६ किलोच्या पोरीचं जेवण तोडणं म्हणजे दुहेरी मार. पिवळेपणा एकदम वाढला, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तर पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी करायची असते.

पाणी. सोळा किलोला दिवसाला सगळं मिळून, दूध-ताक-वरण धरून, १३०० मिली. एप्रिल-मे मध्ये, आणि नवतपात तर नक्कीच, दीडपट, म्हणजे दोन लिटरच्या आसपास. लघवीच्या रंगावरून अंदाज बांधू नका. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे अंगात पाणी कमी असतानाही ती पुष्कळ होते. त्यामुळेच रात्री अंथरूण ओलं होतं, आणि त्यावर उपाय म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणं हा तर दुखणं बोलावण्याचा रस्ता. उन्हाळ्यात कूलरचा झोत घामाने भिजलेल्या अंगावर सरळ घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कान, पाय झाकून शाळेत पाठवा. थंडीची लाट आली की दुखण्याच्या भरती वाढतात.

शाळेतल्या बाईंना रागावू नका, त्यांना कोणी सांगितलेलंच नसणार. डॉक्टरांकडून एक पानाची चिठ्ठी आणा: बाटली बाकावरच राहील, लघवीला कधीही जाऊ द्यायचं, शिक्षा म्हणून उन्हात उभं करायचं किंवा मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या नाहीत, पाय दुखतात म्हणाली तर नाटक समजायचं नाही, आणि अंग गरम लागलं तर सुटी होईपर्यंत न थांबता घरी फोन करायचा. ५०० मिलीची बाटली रिकामी होऊन घरी येते का, एवढंच तुम्ही रोज पाहा. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा प्रमाणपत्राची प्रक्रिया आत्ताच सुरू करा, पुढे परीक्षांच्या वेळी धावाधाव नको. एसटीच्या साध्या बसमध्येही या रुग्णांना सवलत आहे.

आता तुमचे अकरा हजार. प्रोटीन पावडर नको. फळं वॉर्डात चार दिवस पडून राहतात. पहिला खर्च लसींचा. न्युमोकोकल लस महाराष्ट्रातल्या सरकारी लसीकरणात २०२१ मध्ये आली, त्याआधी जन्मलेल्या बहुतेक मुलांना ती मिळालेली नसते. लसीकरणाचं कार्ड काढून पाहा. नसेल तर आधी कॉन्जुगेट लस, आणि किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लस, जी पाच वर्षांनी एकदा परत घेतात. दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची, आणि टायफॉइडची. यातल्या काही विकत घ्याव्या लागतात, गटाचा पैसा तिथे सार्थकी लागेल. लस घेण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून क्रम लिहून घ्या. पेनिसिलीन साधारण पाच वर्षांपर्यंत देतात, पण हिला जंतुसंसर्गाने आयसीयूत जावं लागलं आहे, तेव्हा ते पुढे चालू ठेवायचं का हेही त्याच वेळी विचारा. उरलेल्यात दोन थर्मामीटर (एक तुमच्याकडे), लहान बोटाला बसणारा ऑक्सिमीटर, मच्छरदाणी. सिकलसेलवाल्यांना मलेरिया होत नाही हा समज चुकीचा आहे. थोडं संरक्षण मिळतं ते एएस वाहकांना. एसएस मुलाला मलेरिया झाला तर तो फार जड जातो.

राहिलेले पैसे 'रात्रीचा ऑटो' म्हणून वेगळ्या डब्यात. गल्लीतल्या दोन ऑटोवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा, त्यांचे नंबर त्याच लॅमिनेट कागदावर. बाकी मदत माणसांची हवी, आणि नाव-वार ठरलेली. "काही लागलं तर सांगा" या वाक्याने आजपर्यंत कोणाच्या घरचा डबा भरलेला नाही. बहीण गर्भार आहे, वॉर्डात सोबतीला एकाच नातेवाइकाला परवानगी असते, म्हणून रात्री कोण थांबणार याची तीन नावं हवी. डबा कोण नेणार, वडिलांची रोजी बुडू नये म्हणून दुपारी कोण बसणार. आणि वस्तीतल्या आशाताईंना या घराची नोंद द्या.

रक्तदानाचंही गटाला करता येईल, पण नेहमीसारखं नाही. १४ एप्रिलला नागपुरात गल्लोगल्ली शिबिरं होतात. लाल पेशींची पिशवी कोणत्या द्रावणात ठेवली त्यावर ३५ किंवा ४२ दिवस टिकते. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ते रक्त संपलेलं असतं. आणि ऊन, सुट्ट्या, लग्नं यांमुळे दाते नेमके तेव्हाच मिळत नाहीत. तुमचं शिबिर मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, संध्याकाळी घ्या. शिवाय भाचीच्या गटाचे आठ-दहा दाते वहीत लिहून ठेवा: पुरुषाला दोन दानांत ९० दिवस, बाईला १२० दिवस, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. सिकलसेलच्या मुलांना रक्त विनामूल्य द्यायचं धोरण आहे, त्यासाठी बदली दाता आणायची सक्ती कोणी करत असेल तर रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा. दात्यांची वही त्या सक्तीसाठी नाही, ऐन मेमध्ये पेढीत साठाच नसेल त्या दिवसासाठी आहे.

शिबिराच्या दिवशी तिथेच सिकलसेलच्या तपासणीचं टेबल लावायला मनपाच्या आरोग्य केंद्राला विनंती करा. लग्नाच्या वयाच्या पोरापोरींची तपासणी व्हायला हवी. कुजबुज होईल, "अमक्याच्या घराण्यात आहे" असं बोलणं होईल. तुमच्या बहिणीची सासूही कदाचित म्हणत असेल, आमच्याकडे कोणाला नव्हतं, सुनेकडून आलं. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते १९५८ साली. तेव्हापासून विदर्भात हा आजार माहीत आहे, फक्त घरोघरी तपासायला कोणी बसलं नव्हतं. एसएस मुलीच्या अंगात दोन्ही घरचा वाटा असतोच. सासूबाईंच्या मुलाचा एचपीएलसी अहवाल या आठवड्यात डागातून येईल, तो त्यांना दाखवून द्या. त्याबरोबर प्लीहेची काडी धरायलाही शिकवा. दुपारी घरात पोरीजवळ त्याच असतात.